सेड (sed, टर्मिनलवरून फाइलमधला मजकूर बदलणारी कमांड) शिकतोयस? आधी एवढंच सांभाळ

प्रत्येक ओळीत बदल करायचाय ना, मग लूप लिहीत बसू नकोस, सेड फाइल स्वतःच ओळीओळीने वाचतो आणि तुझी एकच कमांड प्रत्येक ओळीवर चालते. सुरुवातीला दोनच खुणा पाठ कर, ^ म्हणजे ओळीची सुरुवात, $ म्हणजे शेवट. यादीतल्या ५०० नावांआधी 'श्री. ' हवं तर एस (s, म्हणजे 'बदल') लिहून लगेच पुढे /^/श्री. / एवढंच, आणि हे सगळं सिंगल कोट्समध्ये, नाहीतर शेल (टर्मिनलमध्ये कमांड चालवणारा प्रोग्राम) डॉलरचा वेगळाच अर्थ लावतं.

नवीन लोक हमखास इथे अडकतात:

- आउटपुट > ने त्याच फाइलमध्ये वळवतात. हे कधीच करू नकोस, सेडने वाचायच्या आधीच शेल ती फाइल रिकामी करतं. माझी अख्खी यादी अशीच गेली, बॅकअप नव्हता, फार वाईट वाटलं होतं.
- कमांडच्या शेवटी जी (g, म्हणजे ओळीतले सगळे) लावत नाहीत, मग ओळीत तोच शब्द तीनदा असला तरी पहिलाच बदलतो.

आधी नुसतं स्क्रीनवर बघ, पटलं तरच मायनस आय (-i, म्हणजे बदल थेट फाइलमध्येच), तेही .बॅक चिकटवून (-i.bak), म्हणजे जुनी फाइल शिल्लक राहते. विंडोजवरून आलेल्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी जोडलेलं भलतीकडेच दिसलं तर आधी डॉस-टू-युनिक्स (dos2unix, विंडोजची ओळ संपल्याची जादा खूण काढणारी कमांड) चालव. होल्ड स्पेसचं (मजकूर तात्पुरता बाजूला ठेवायची सेडची जागा) नंतर बघू, जमेल तुला.