बाळ बाटली घेत नाही म्हणून रडू नकोस बाय

बाय, तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. सव्वीस आठवड्यांच्या रजेतले आठ डिलिव्हरीआधीच गेले, त्यामुळे बाळ जेमतेम चार महिन्यांचं आणि पंधरा दिवसांत तुला जॉईन व्हायचंय, आणि ते बाटली लावली की जिभेनं ढकलतं. अगं, ते हट्ट करत नाहीये. अंगावर ते स्वतः ओढून पितं आणि बाटलीतनं दूध आपोआप येतं, मग ठसका लागतो, घाबरतं. सगळ्यात हळू येणारं, स्लो फ्लोचं निप्पल आण.

आणि बाटली तू देऊ नकोस. तू जवळ असलीस की त्याला तूच हवी असणार.

माझ्या वेळी रजा 12 आठवड्यांचीच. फोंड्याहून पणजीला कदंबच्या बसनं जायचे आणि मोठीनं आठ दिवस बाटलीला तोंड लावलं नाही. एका संध्याकाळी मी शेजाऱ्यांकडे जाऊन बसले, ह्यांनी तिला पडवीत फिरवत निप्पल नुसतं ओठांना टेकवून ठेवलं, कोंबलं नाही, आणि पागोळ्या बघता बघता तिनं स्वतःच ओढलं. दोन-चार घोटच, पण मी ऐकून रडले.

कडकडून भूक लागायच्या आधी द्यायचं, सुरुवातीला 20-30 मिलीच. बाळाला जरा बसतं धरायचं, बाटली आडवी, मधेमधे थांबायचं. रडायला लागलं की बंद, उद्या परत. दूध काढलं की आपल्या उकाड्यात बाहेर ठेवू नकोस, सरळ फ्रिजमध्ये, दारात नाही, आत मागे, चार दिवस चालतं. गरम करायचं तर कोमट पाण्यात बाटली ठेवून, मायक्रोवेव्ह अजिबात नको, कुठेतरी कढत राहतं आणि तोंड भाजतं.

नाहीच घेतली तर वाटी-चमचा आहे ना! खूप डॉक्टर तर तेच सांगतात, धुवायलाही सोपं. सासूबाईंना आत्ताच सवय करू दे. आणि ऑफिसात विचार, बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला रोज दोन ब्रेक कायद्यानं मिळतात, लाजू नकोस.

शुक्रवारी मी म्हापशाला येते. बाळाला माझ्याकडे दे आणि तू बाजारात चक्कर मारून ये, तासाभरानं फोन करते.