कडक थंडीनंतर, उन्हाळ्याच्या तोंडावर गाडीत काय काय पाहून घ्यावं?

भाऊ, तुम्ही विचारलंत की जळगावला यंदा थंडी कडक पडली, पहाटे सेल्फ ओढत-ओढत घ्यायचा. आता होळी आली, तर गाडीची कोणती कामं करावीत, खर्च किती, आणि कॅनडातल्या व्हिडिओत सांगतात तसं गाडीखालचं मीठ धुवायचं का? शेवटी लिहिलंत, ‘मेकॅनिक म्हणतो आपल्याकडे कूलंट लागत नाही, पाणी चालतं.’ (कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमध्ये पाण्यात मिसळून भरायचं, ग्लायकोल आणि गंजरोधक रसायनांचं द्रव.) उत्तर लिहायला बसलो ते या शेवटच्या ओळीमुळे.

मिठाचं आधी संपवतो. बर्फ वितळावा म्हणून तिकडे रस्त्यावर मीठ पसरतात, ते चॅसिसला चिकटून लोखंड खातं. आपल्या रस्त्यावर मीठ नसतं, त्यामुळे ते काम सोडा. आपल्याकडे हिवाळा गाडी मारत नाही, तो फक्त काय कमजोर आहे ते दाखवून जातो. मारतो तो एप्रिल-मे. जानेवारीत पहाटे ८-९ अंश आणि मे महिन्यात दुपारी ४५, एवढी तफावत एकाच गाडीने सोसायची असते.

सेल्फ ओढत होता म्हणजे पहिला संशय बॅटरीवर. रात्रभर उभ्या गाडीवर, चावी न फिरवता, मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी संपत आली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे. कमी दिसलं तर दोष अल्टरनेटरचा (चालू इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा भाग) किंवा त्याच्या बेल्टचा आहे, नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही. ‘थंडी गेली, आता सेल्फ चांगला घेतो’ म्हणून गप्प बसू नका. तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य अर्ध्यावर येतं असा ठोकताळा आहे. जी जानेवारीत कण्हत होती ती मे महिन्यात बाजारात उभ्या उभ्या बसते. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा आणि वर व्हॅसलीन लावा. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. झाकणाची बॅटरी असेल तर प्लेटच्या वर बोटाच्या जाडीइतकं डिस्टिल्ड वॉटर ठेवा. ॲसिड कधीच ओतायचं नाही.

आता कूलंट. ‘आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला’ हा आपल्या लाइनमधला जुना वाद आहे, आणि तो मला आजही सहन होत नाही. कारण त्याची किंमत मेकॅनिक देत नाही, गाडीवाला देतो.

चाळीसगावकडची एक डिझेल गाडी कन्नड घाटात हीट होऊन टो करून आणलेली मी पाहिली. काटा लाल पट्ट्यावर गेला तरी वरपर्यंत रेटलेली. टाकीत पाणी होतं, पण चहा गाळल्यासारख्या रंगाचं. रेडिएटरच्या कॅपचं रबर दगडासारखं कडक, स्प्रिंगमध्ये जोर नाही. वरचा होज काढला तर ॲल्युमिनियमच्या नळीचं तोंड खाऊन-खाऊन कागदाएवढं पातळ झालेलं, क्लिप फक्त गंजावर आवळलेली. वॉटर बॉडी, म्हणजे पाणी फिरवणारा पंप, उघडली, तर आतल्या पंख्याची पाती अर्धीच शिल्लक. रेडिएटरच्या नळ्यांत पांढरा क्षाराचा थर. आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल) नव्हताच, पूर्वी गाडी एकदा तापली तेव्हा कुणीतरी ‘व्हॉल काढून टाकला की पाणी मोकळं फिरतं’ म्हणून काढलेला. हेडवर सरळपट्टी ठेवली, तर खाली ०.१५ मिमीचा फिलर (फट मोजायची पातळ पट्टी) सहज सरकला. छोट्या इंजिनांना साधारण ०.०५ मिमीच्या आसपासच सूट असते. हेड प्लेन करणं, गॅस्केट, वॉटर बॉडी, रेडिएटर, थर्मोस्टॅट, सगळं नवीन. इतकी वर्षं कूलंटचे पैसे वाचवले होते.

यात प्रत्येक गोष्टीला कारण आहे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी तापलं की ते सर्वांत गरम जागी, म्हणजे हेडमध्ये, बसतात. तो थर उष्णता अडवतो. पाण्यात गंजरोधक नसल्यामुळे लोखंडी ब्लॉक गंजतो, ॲल्युमिनियम खाल्लं जातं. वेट लायनरच्या (सिलेंडरच्या नळीला बाहेरून थेट पाणी लागतं अशा) डिझेल इंजिनांना, ट्रॅक्टर धरून, वेगळाच त्रास: लायनर थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला बुडबुडे फुटतात आणि सुईने टोचल्यासारखी भोकं पडतात. कूलंटमधली रसायनं हे थोपवतात. उकळण्याचं गणित त्यानंतर येतं. साधं पाणी १०० अंशाला उकळतं, कूलंट-पाण्याचं ५०-५० मिश्रण १०७ च्या आसपास, आणि कॅप दाब धरत असेल तर दोन्हींचा उत्कलनबिंदू आणखी वर जातो. म्हणून कॅप मेली असेल तर महागडं कूलंटसुद्धा उकळून बाहेर येतं. कॅप आधी बदला, ती सगळ्यात स्वस्त वस्तू आहे.

थर्मोस्टॅट काढून गाडी थंड राहते हेही चूक. बऱ्याच इंजिनांत तो उघडताना बायपासचा, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारा, रस्ता बंद करतो. तो नसला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता परत इंजिनात फिरतो, म्हणजे घाटात नेमकं हवं तेव्हा कूलिंग कमी. आणि हिवाळ्यात इंजिन थंडच राहतं, पेट्रोल जास्त जातं, हीटर कोमट येतो. तुमच्या गाडीत यंदा हीटर नीट तापत नव्हता का, ते आठवून पाहा. शंका असेल तर थर्मोस्टॅट काढून पातेल्यात पाण्यात लटकवा, थर्मामीटर ठेवा आणि तापवा. अंगावर ८२ किंवा ८८ असा आकडा छापलेला असतो. तिथे उघडायला सुरुवात झाली पाहिजे आणि पुढच्या दहा-बारा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे.

बदलायची रीत अशी. इंजिन पूर्ण थंड. खालचा होज सोडून जुनं पाणी काढा. डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी भरा, हीटर फुल गरमवर ठेवा आणि फॅन लागेपर्यंत इंजिन चालवा. थंड झालं की पुन्हा काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच. मग मेख इथे आहे: ब्लॉकमध्ये एक-दोन लिटर पाणी अडकून राहतं, म्हणून तयार मिश्रण भरलं तर ते पातळ होतं. कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, घ्या. एकूण क्षमता ५ लिटर असेल तर आधी अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट ओता, उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा. ६० टक्क्यांच्या वर जाऊ नका. नुसतं ग्लायकोल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहतं. नंतर गाडीचं तोंड चढावर ठेवून हवा काढा, वरचा होज दाबत राहा, फॅन दोनदा लागून बंद होऊ द्या, आणि सकाळी थंड गाडीवर पातळी मिन-मॅक्सच्या मध्ये आणा. हिरव्यात गुलाबी मिसळू नका, रंगावर विसंबूही नका. मॅन्युअलमध्ये जो प्रकार लिहिलाय तोच. काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका, ते चवीला गोड लागतं आणि कुत्री-गुरं ते पिऊन मरतात.

टायरचं थोडक्यात, पण ठासून: उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची हा सल्ला देणाऱ्याकडून हवा भरू नका. कमी हवेच्या टायरची बाजू सारखी दुमडते, त्यातून उष्णता तयार होते आणि धुळे-जळगाव हायवेवर तो फुटतो. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर जो आकडा आहे तोच, सकाळी थंड टायरवर. हवेचं तापमान ५-६ अंशांनी वाढलं की साधारण १ पीएसआय वाढतो, म्हणून जानेवारीत भरलेली हवा आता पुन्हा मोजा. टायरवरचे चार आकडे पाहा: १४२१ म्हणजे २०२१ चा चौदावा आठवडा. नक्षी १.६ मिमीपर्यंत चालते असं कायदा म्हणतो. बाजूला भेगा असतील तर नक्षी कितीही असो, बदला.

एसीकडे आपल्या भागात वेगळ्या नजरेने बघावं लागतं. कपाशी वेचणीपासून जिनिंगपर्यंत सगळा हंगाम हवेत तंतू उडतो, तो कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत गादीसारखा बसतो. समोरून पाहिलं तर जाळी स्वच्छ दिसते. टॉर्च घेऊन वरून दोन्हींच्या मध्ये पाहा. हलक्या धारेने, इंजिनकडून बाहेर असं धुवा. कार वॉशच्या जोरदार धारेने पाती आडवी पडतात. केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो, काढून झटका, काळा असेल तर नवा. एवढं करूनही गारवा नसेल तरच गॅसचं बघा, आणि ‘गॅस संपला’ हे ऐकून भरून घेऊ नका. गॅस आपोआप संपत नाही, कुठून तरी गळतो. गळती शोधा, मग बोनेटखालच्या स्टिकरवर जितके ग्रॅम लिहिलेत तितकाच वजन करून भरा.

बोनेट उघडलंय तर वायरिंगही पाहा. थंडीत उबेला उंदीर इंजिनवर येतात आणि इंजेक्टरच्या वायरी कुरतडतात. ऑइलची ग्रेड उन्हाळ्यासाठी जाड करू नका, मॅन्युअलची ठेवा. वायपर जूनपर्यंत थांबू शकतात.

खर्च गाडीचं मॉडेल कळल्याशिवाय सांगणं बरोबर नाही. आखाजीला (अक्षय तृतीयेला) लेकीला आणायला लांब जायचं असेल तर बॅटरी, कॅप-कूलंट आणि टायर आधी, बाकी नंतर.

एक गोष्ट पाण्याच्या बाजूने सांगायला हवी. नुसती उष्णता वाहण्यात पाणी ग्लायकोलपेक्षा सरस आहे, हे खरं. त्यामुळे रस्त्यात पातळी उतरली तर पाण्याची बाटली ओतायला घाबरू नका, गाडी कोरडी चालवण्यापेक्षा ते शंभरदा बरं. फक्त कॅप गरम असताना उघडू नका, अर्धा तास थांबा, जाड फडकं ठेवून हळू फिरवा. गळती कुठे आहे ते घरी आल्यावर शोधा, आणि ते पाणी काढून पुन्हा मिश्रण भरा.