हॉलमध्ये लग्नाचे फोटो काढताना आडवे पट्टे येतात, चेहऱ्यांचे रंगही बिघडतात. सेटिंग काय ठेवायचं?

तुम्ही लिहिलंय की शटर १/५०० सेकंद ठेवूनही पट्टे येतात. पट्टे येतात ते १/५०० ठेवल्यामुळेच. कॅमेरा ठीक आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर ट्यूबलाइट आणि साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा तेज-मंद होतात. शटर त्याहून भराभर मिटलं की सेन्सरच्या एका भागाला तेज उजेड मिळतो, दुसऱ्याला मंद. म्हणून हॉलमध्ये मी १/१०० धरून चालतो (६० हर्ट्झ असेल तिथे १/१२५), लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/२.८ आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ३२०० च्या आसपास. १/१०० ला चालणारी माणसं हललेली दिसतात, तेव्हा पाऊल टेकण्याची वाट बघा किंवा फ्लॅश मारा. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर (दिव्याच्या लुकलुकण्याशी वेळ जुळवून फोटो घेणारी सोय) असेल तर चालू करा. पण डिम केलेले स्टेजचे एलईडी आणि मागची एलईडी वॉल याहून कितीतरी जलद लुकलुकतात, तिथे त्याचा उपयोग नाही. तिथे मेकॅनिकल शटरच हवं. सायलेंट मोडचा (आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरचा) मोह टाळा, बहुतेक कॅमेऱ्यांत त्याने पट्टे वाढतात.

रंगाचं म्हणाल तर पिवळे दिवे साधारण ३२०० केल्विनचे, फ्लॅश ५५०० चा. दोन्ही एकत्र आले की चेहरा नीट, मागचा हॉल नारिंगी. फ्लॅशवर पूर्ण सीटीओ जेल (नारिंगी पारदर्शक फिल्टर) लावा आणि व्हाइट बॅलन्स ३२०० वर आणा. फ्लॅश बाउन्स करायचा, म्हणजे छतावर मारून उजेड परतवायचा, तर छत पांढरं आणि फार उंच नको. रंगीत कापड ताणलेलं असेल तर तोच रंग चेहऱ्यावर उतरतो. लाल-जांभळे पार लाइट (स्टेजचे रंगीत झोताचे दिवे) थेट तोंडावर असतील तर रॉ फाइलही (सेन्सरची सगळी माहिती ठेवणारी फाइल) वाचवत नाही. मुख्य विधीच्या वेळी स्टेजवर पांढरा लाइट ठेवायला लाइटवाल्याला आधीच सांगून ठेवा. माझ्या मते हे बोलणं महागड्या लेन्सपेक्षा जास्त कामाला येतं.

ग्रुप फोटोला एफ/५.६ आणि ३५ मिमी किंवा पुढे. २४ वर कडेची माणसं रुंद दिसतात, आणि तक्रार तीच करतात! दर ग्रुपचे चार-पाच फोटो घ्या, कुणाचे तरी डोळे मिटतातच.

दोन कार्ड स्लॉट असतील तर सेटिंग 'बॅकअप' (दोन्ही कार्डांवर तोच फोटो) आहे ना, ते बघा. 'ओव्हरफ्लो'वर असेल तर पहिलं भरेपर्यंत दुसरं कार्ड रिकामंच राहतं. दोन बॉडी (कॅमेरे) वापरत असाल तर निघण्यापूर्वी दोन्हींची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवा, नाहीतर घरी वेळेनुसार लावताना क्रमाचा पार गोंधळ होतो.