दप्तर पुढ्यात घेऊन शिका

ग्रामपंचायतीचं प्रशिक्षण, गावाचा आराखडा आणि महिला-बालकल्याण याबद्दल नाशिक जिल्ह्यातून आलेल्या प्रश्नांपैकी काही.

प्रश्न : आमच्याकडे चार महिला सदस्य पहिल्यांदाच निवडून आल्या आहेत. गावातच दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवायचं आहे. सुरुवात कशाने करू? – सरपंच, निफाड तालुका

नमुना 8 ने, म्हणजे करआकारणीच्या वहीने. त्र्याहत्तराव्या (पंचायतराजच्या) घटनादुरुस्तीवरचं व्याख्यान अर्ध्या तासात उरका. ते ऐकून कोणाला प्रश्न पडत नाहीत. करआकारणीची वही टेबलावर उघडा आणि प्रत्येकीला आपल्या घराची ओळ शोधायला लावा. घर कोणाच्या नावावर आहे, बांधकाम कसलं लिहिलंय, कर किती बसलाय. मग नमुना 9 मध्ये त्याच घराची मागणी आणि थकबाकी. थोड्या वेळात कोणीतरी म्हणतंच, ‘अहो, आमचं स्लॅबचं घर इथे अजून कौलारूच आहे!’ खरं प्रशिक्षण तिथून सुरू होतं. दुपारी नमुना 5 ची रोकडवही आणि मागच्या वर्षीचा आराखडा शेजारी ठेवा. ठरलेलं काम आणि झालेला खर्च एकेक ओळ जुळवा. दुसरा दिवस ठराव लिहिण्यासाठी ठेवा.

वेळ 11 ते 4 बरी. ऑक्टोबरातली गोडी छाटणी, विरळणी किंवा द्राक्षाचा खुडा चालू असताना तारीख धरली तर मजुरीला जाणाऱ्या सदस्या येणार नाहीत, आणि त्यात चूक त्यांची नसेल. लहान मुलांसाठी शेजारची खोली आणि सांभाळायला एक बाई ठरवून ठेवा. आणखी एक, थोडं कडू वाटेल: पहिले दोन तास तुम्ही आणि ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे आपले पूर्वीचे ग्रामसेवक) बाहेर थांबा. तुमच्यासमोर पहिल्याच दिवशी ‘मला हे कळलं नाही’ असं कोणी म्हणणार नाही.

प्रश्न : मासिक सभेला सदस्येऐवजी तिचे पती येऊन बसतात. काय करावं? – येवला तालुका

मासिक सभेत मत फक्त सदस्याचं आणि हजेरीची सही फक्त सदस्याची. पती सभेत बोलले तरी प्रोसिडिंगमध्ये (सभेच्या इतिवृत्तात) त्यांचं नाव सूचक किंवा अनुमोदक म्हणून येऊ शकत नाही. सभा सुरू होताना हे एकदा वाचून दाखवलं की निम्मी गर्दी कमी होते. सरपंच महिला असेल तर डिजिटल सहीचा डोंगल तिच्याच पाकिटात हवा आणि नोंदवलेला मोबाईल नंबर तिचाच हवा. ई-ग्रामस्वराज या ऑनलाइन पोर्टलवरून पैसे जाताना ग्रामपंचायत अधिकारी बिल तयार करतो आणि सरपंच मंजूर करते. प्रशिक्षणात एक बिल तिच्या हाताने मंजूर करून घ्या. डोंगल घरच्या कपाटात राहिला तर पुढची पाच वर्षंही तिथेच जातात.

प्रश्न : महिलासभा नुसती कागदावर होते. सह्या घरोघरी जाऊन घेतात. – बचतगटाची सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती), दिंडोरी तालुका

ग्रामसभेच्या प्रत्येक नियमित सभेआधी महिलांची सभा घ्यायची, हे कायद्यातच आहे. बिघडतं ते तारखेत. 26 जानेवारीला ध्वजवंदनानंतर ग्रामसभा आणि तिच्या पाऊण तास आधी महिलासभा ठेवली, तर सह्यांशिवाय दुसरं काही होऊच शकत नाही. तीन-चार दिवस आधीची संध्याकाळ धरा. पाणी भरायची वेळ टाळा. दवंडी द्याच, पण ग्रामसंघाच्या (गावातल्या बचतगटांच्या संघाच्या) बैठकीत आदल्या आठवड्यात विषय ठरवले तर बाया बोलायला येतात, नुसत्या बसायला नाही.

दुसरी चूक भाषेची. ‘महिलांसाठी पाण्याची सोय करावी’ हा ठराव नव्हे, नवस आहे. ठरावात जागा, काम, अंदाजे रक्कम, कोणत्या निधीतून, कधीपर्यंत, सूचक आणि अनुमोदक एवढं हवं. रक्कम आणि नावं तुमची घाला, बाकी असं : ‘वरच्या आळीतल्या हातपंपाभोवती सिमेंटचा ओटा व सांडपाण्यासाठी शोषखड्डा करावा; खर्च बंधित निधीतून; काम मार्चअखेर पूर्ण व्हावं.’ (बंधित म्हणजे पाणी-स्वच्छतेसाठीच राखलेला पैसा.) असे ठराव तीनच आणा. पंधरा आणले की ‘पुढील सभेत विचार करू’ ही ओळ ठरलेली.

ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली जी संख्या कमी असेल ती. महिलासभेतून चाळीस जणी उठून ग्रामसभेला आल्या, तर गणपूर्तीची निम्मी चिंता मिटते. मग सरपंचही महिलासभेकडे वेगळ्या नजरेने बघतात.

प्रश्न : शाश्वत विकासाच्या नऊ संकल्पनांपैकी ‘बालस्नेही गाव’ निवडा, असं वरून सांगितलं. आराखड्यात मात्र अंगणवाडीचं रंगकाम एवढंच आलं. – सुरगाणा तालुका

रंगकाम येतं, कारण ते सुचवणाऱ्याला पाड्यावर जावं लागत नाही. संकल्पना कोणतीही निवडा, आधी तीन गोष्टी करून घ्या.

पहिली, नकाशा. शाळेच्या अंगणात रांगोळीने गाव काढा: पाडे, विहिरी, झरे, ओहळ, अंगणवाडी, रेशन दुकान. बायकांना तांदूळ आणि नाचणी द्या. बारमाही पाण्यावर तांदूळ, आटणाऱ्या पाण्यावर नाचणी. मग बारा चौकोन आखा आणि कोणत्या महिन्यात कोणती विहीर तळ गाठते, ते खड्यांनी मांडा. पावसाळ्यात धो धो कोसळणाऱ्या या भागात एप्रिल-मे महिन्यांत हंड्यासाठी किती चालावं लागतं, ते पुरुषांच्या नकाशात सहसा नसतं. म्हणून दोन नकाशे वेगवेगळे काढून घ्या आणि शेवटी शेजारी ठेवा. पुसण्याआधी फोटो आणि कागदावर नक्कल, नाहीतर दुपारच्या वाऱ्यात सगळं उडून जातं.

दुसरी, स्थलांतराची वही. द्राक्षाच्या हंगामात सुरगाणा-पेठेतली कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे उतरतात. सोबत सहा वर्षांखालची मुलं आणि गरोदर बायका असतात. जाण्याआधी नाव, वय, कुठल्या गावच्या मळ्यावर आणि कोणत्या महिन्यात परत, एवढे चार रकाने अंगणवाडी सेविका आणि आशाने भरावेत आणि तिकडच्या अंगणवाडीला फोनवर कळवावेत. हे झालं नाही तर मूल दोन्ही पटांवरून गळतं: इथे ‘स्थलांतरित’, तिथे ‘आमचं नाही’.

तिसरी, मोजमाप. सदस्यांना दंडघेर पट्टी हातात द्या. 6 महिने ते 5 वर्षं वयाच्या मुलाचा डावा हात सैल सोडलेला असावा. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये पट्टी लावायची, आवळायची नाही. 11.5 सेंमीच्या खाली तीव्र कुपोषित, 11.5 ते 12.5 मध्यम. पट्टी थोडी वर-खाली झाली तरी मूल एका गटातून दुसऱ्यात जातं, म्हणून दोनदा मोजा. उंचीतही चूक ठरलेली: 2 वर्षांखालच्या मुलाला झोपवून मोजायचं असतं, उभं करून घेतलेली उंची साधारण 0.7 सेंमी कमी येते. सदस्यांना यातून डॉक्टर करायचं नाही. मासिक सभेत ‘कुपोषित किती?’ याऐवजी ‘मोजायची राहिलेली किती?’ असं विचारता यावं, एवढ्यासाठी हे.

या तिन्हींतून जे निघतं, विहीर खोल करणं असो, झऱ्याभोवती कुंड असो की दूरच्या पाड्यावर अंगणवाडीची मागणी, तो बालस्नेही आराखडा. पेसाची (आदिवासी भागातल्या स्वशासन कायद्यातली) ग्रामपंचायत असेल तर आदिवासी उपयोजनेतून मिळणाऱ्या 5 टक्के अबंध निधीतून आरोग्य, स्वच्छता, शिक्षण आणि जलसंधारणाची कामं घेता येतात. निर्णय ग्रामसभेचा, तेव्हा पाड्यापाड्यावर आधी चर्चा करा.

प्रश्न : महिला-बालकल्याणाचा 10 टक्के निधी कशाच्या 10 टक्के? – ग्रामपंचायत सदस्या, सिन्नर तालुका

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाच्या. ते उत्पन्न 4 लाख धरलं तर महिला-बालकल्याण 40 हजार, मागासवर्गीयांसाठी 15 टक्के म्हणजे 60 हजार आणि दिव्यांगांसाठी 5 टक्के म्हणजे 20 हजार. वित्त आयोगाचा पैसा वेगळा. पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021-22 ते 2025-26) 10 लाखांत 6 लाख बंधित (3 पाण्यासाठी, 3 स्वच्छतेसाठी) आणि 4 लाख अबंधित असत. त्या अबंधितमधून पगार आणि कार्यालयीन खर्च करता येत नसे.

घोटाळा होतो मार्चमध्ये. वर्षभर 40 हजारांना कोणी हात लावत नाही आणि शेवटच्या आठवड्यात शिलाई मशिनं येतात, जी पुढे कोणाच्या तरी माळ्यावर जातात. एप्रिलच्या सभेतच विचारा: मागच्या वर्षीचा अखर्चित किती, यंदाचा किती, पहिला खर्च कोणत्या महिन्यात? उत्तर प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या.

प्रश्न : बालविवाह थांबवण्यात पंचायतीचं काम काय? – पेठ तालुका

ग्रामीण भागात ग्रामपंचायत अधिकारी हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि अंगणवाडी सेविका त्याची सहायक; प्रशिक्षणात हे दोघांनाही ठाऊक नसल्याचं अनेकदा दिसतं. वय मुलीचं 18, मुलाचं 21 पूर्ण हवं. सुपारी फुटल्याची कुणकुण लागताच जन्मनोंद किंवा शाळेचा दाखला बघा, मांडव पडायची वाट बघू नका. घरच्यांना लेखी समज द्या, पोहोच घ्या. ऐकलं नाही तर 1098 या बालकांच्या हेल्पलाइनला फोन करा. जन्मनोंदीची वही बहुतेक वेळा तुमच्याच कार्यालयात असते. ती काढायला पाच मिनिटं लागतात.