ध्रुवीय प्रकाश, अरुणोदय की सरळ नॉर्दर्न लाइट्स?

प्रश्न असा आहे: नॉर्वेच्या प्रवासवर्णनात ‘नॉर्दर्न लाइट्स’ (ध्रुवाकडच्या रात्रीच्या आकाशात लहरणारा रंगीत प्रकाश) ऐवजी ‘उत्तरेचा अरुणोदय’ लिहिलं तर चालेल का? ‘ध्रुवीय प्रकाश’ भूगोलाच्या पुस्तकातला, कोरडा वाटतो.

कल्पनेला आधार आहे. ‘ऑरोरा बोरिआलिस’ या त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थ जवळपास हाच. ऑरोरा ही रोमन लोकांची पहाटेची देवता. तिचं नाव आणि आपल्या वेदांतली उषस् एकाच मुळातून आलेली. बोरिआस हा ग्रीकांचा उत्तरेचा वारा. पण हे नाव रुळलं सतराव्या शतकात, गॅलिलिओ-गासांदी या शास्त्रज्ञांच्या काळात, म्हणजे इटली-फ्रान्सकडे. इतक्या दक्षिणेकडून बहुधा या प्रकाशाचा वरचा भागच दिसतो: दोनशे किलोमीटरच्याही वर, विरळ हवेतल्या ऑक्सिजनची लाली, तीही क्षितिजालगत. उत्तरेला तांबडं फुटलंय असंच वाटणार! मे २०२४च्या सौरवादळात लडाखमधल्या हानले वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी टिपली ती अशीच लाल झाक. तिला ‘अरुणोदय’ शोभेलही.

उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहराचं तसं नाही. तिथे हा प्रकाश थेट डोक्यावर येतो आणि बहुतेकदा हिरवा असतो, कारण साधारण शंभर ते दीडशे किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन त्या रंगात उजळतो. शिवाय तिथली खरी पहाट हे वेगळंच प्रकरण आहे. नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. भर दुपारी बर्फावर निळसर संधिप्रकाश तेवढा पसरतो. टिळकांनी १९०३ साली ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’मध्ये ऋग्वेदातली लांबलेली उषा ध्रुवप्रदेशाशी जोडली, तीही या सूर्याच्या रेंगाळणाऱ्या पहाटेवरून (सिद्धान्त पटो न पटो). म्हणजे ‘उत्तरेचा अरुणोदय’ वाचून जाणकार मराठी वाचकाच्या मनात भलतंच दृश्य उभं राहील.

खुद्द उत्तरेकडच्या लोकांची नावं पहाटेवरून नाहीत. नॉर्वेजियन शब्दाचा अर्थ सरळ ‘उत्तरेचा उजेड’. फिनिशमध्ये ‘रेवोन्तुलेत’, म्हणजे कोल्ह्याचे जाळ: शेपटीने बर्फ उधळत धावणाऱ्या कोल्ह्याची लोककथा त्यामागे आहे. प्रवासवर्णनात रंग भरायचा तर हे वापरा की.

हिंदीत ‘सुमेरु ज्योति’ आणि दक्षिणेकडच्यासाठी ‘कुमेरु ज्योति’ अशी डौलदार जोडी आहे. मराठीत मात्र ज्योत म्हटली की समईच आठवते, आणि इथे तर आकाशभर पडदे हलत असतात.

माझं मत ‘ध्रुवीय प्रकाश’लाच. कोरडेपणा क्रियापदाने घालवावा: तो ‘पडला’ म्हणू नका, लहरला, सळसळला, विरला म्हणा. ‘उत्तर प्रकाश’ असं सुटं लिहिणं टाळा, घाईत वाचणाऱ्याला तिथे उत्तर प्रदेश दिसतो. प्रकाशाचं अनेकवचनही करू नका. आणि ‘नॉर्दर्न लाइट्स’च ठेवायचं असेल, तर ‘दिसले’ की ‘दिसल्या’? आपल्याकडे लाइट ‘गेली’ही म्हणतात नि ‘गेले’ही, त्यामुळे दोन्ही चालेल. मी ‘दिसले’ लिहीन. फक्त एका लेखात दोन्ही नकोत.