खळीने कार्ड वाकतं

प्रश्न : जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर दाबून वाळवलेली द्राक्षाची पानं खळीने चिकटवून दिवाळीची भेटकार्डं करते. कार्ड वाकतं, पानावर बुरशी येते.
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : खळ पातळ होते आहे. ओला कागद फुगतो, वाळताना आक्रसतो आणि खळीच्या बाजूला ओढला जातो. 1 चमचा मैदा, 5 चमचे पाणी, चिमूटभर तुरटी मंद आचेवर घट्ट होईपर्यंत ढवळा. गार झाल्यावर पानाच्या फक्त शिरांवर लावा. कार्ड कोऱ्या कागदांत ठेवून रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबा. वर्तमानपत्र नको, शाई उमटते.

बुरशी येते ती अर्धवट वाळलेल्या पानामुळे. बागेतलं पान फवारणीचं असतं, धुऊन पुसा, जाड देठ कापा. पान ज्या कागदांत दाबता, ते पहिले 3 दिवस रोज बदला. वाकवताच कडकन मोडलं, की पान तयार.