नाशिककडच्या माणसाला पणजोबांच्या आधीची नावं ऑनलाइन सापडतात का?

ऑनलाइन? विसरा. म्हणजे ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर नाशिक जिल्ह्याचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकीतल्या बदलांच्या नोंदी, आहेत, पण फेरफारात ज्याचं नाव लागलं तोच दिसतो. ज्याचं लागू दिलं नाही तो तिथे जन्मलेलाच नसतो, हे आमच्याच घरातलं सांगतोय.

आमचं गाव निफाड तालुक्यातलं. आजी सांगायची, आजोबांना एक थोरला भाऊ होता, मुंबईला गिरणीत गेला तो गेलाच. मोठे काका लगेच तिला गप्प करायचे, असं कुणी नव्हतं, आईला आता काही आठवत नाही म्हणायचे. वारस नोंदीत एकटे आजोबा, विषय संपला. मी हट्टाने तहसीलला चार खेटे घालून कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल काढली, तर पणजोबांच्या नावापुढे १९०८ ला ‘मुलगा’ आणि १९१४ ला परत ‘मुलगा’. बाळाचं नाव नाहीच. काका म्हणाले, पहिला पाळण्यातच गेला असेल. आता यावर काय बोलणार?

२०१६ ला वडील गेले तेव्हा अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो. उपाध्यायांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि येणाऱ्या घराण्यांच्या नोंदींची एक लांबडी वही काढून पानं उलटायला लागले. शके १८५३ ची नोंद निघाली, अठ्ठ्याहत्तर मिळवा, १९३१. पणजोबांच्या अस्थी घेऊन दोन मुलं आली होती, दोन! खाली आजोबांची वाकडीतिकडी बालबोध सही आणि तिच्यावर मोडीत थोरल्याची, मुक्काम परळ. गुरुजींनी मोठ्याने वाचलं, काका टॉवेल खांद्यावर टाकून शेजारीच उभे होते. म्हणाले, चुलत भाऊ असेल. अहो, बापाचं नाव तेच आहे, चुलत कसा होईल?

म्हणून सांगतो, तुमच्या घरात ‘आपल्यात असलं काही नाही’ म्हणणारा जो कोणी असेल त्याला बरोबर घेऊनच जा. एकट्याने बघून आलात तर घरी कुणी विश्वास ठेवणार नाही. आमची नवीन नोंद करताना मी आजोबांच्या भावाचं नाव परत घालायला लावलं, काकांनी सही केली नाही, चष्मा नाही म्हणाले. चष्मा खिशात होता.

बाकी, प्रत्येक उपाध्याय घराण्याकडे ठरावीक गावं असतात, तुमच्या गावाचे कोण ते रामकुंडावर चौकशी केली की कळतं. तिथे नाही निघालं तर त्र्यंबकला बघा. मोडी येत नसेल तर वाचणारा शोधून ठेवा, फोटो विचारल्याशिवाय काढू नका. बायकांची नावं मिळतीलच असं नाही, आमच्या पणजीचं कुठेच नाही. आणि पितृपक्षात तर जाऊच नका, गुरुजींना मान वर करायला फुरसत नसते.